डाव्या हाताची शीर

मी आजवर लिहिलेली बहुतेक पत्रे कोणाच्या ना कोणाच्या विरुद्ध होती. महापालिकेचे विभाग कार्यालय, चाळीचे मालक, टेलिफोन खाते, सकाळी सहाला भोंगा लावणारे आमच्याच गल्लीतले मंडळ. फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये मी एकोणचाळीस वर्षे कारकून होतो, त्यांतली शेवटची अकरा वर्षे मुख्य कारकून. मी वकील नव्हे. परंतु नोटीस कशी लिहावी, कोणते वाक्य घालावे आणि कोणते वगळावे, हे काही वकिलांनी माझ्याकडून शिकून घेतले आहे.

प्रस्तुत लेखन कोणाविरुद्ध नाही. पायाची धमनी बंद झाल्यामुळे ज्यांना डॉक्टरांनी 'तुमचीच शीर काढून तिथे बसवू' असे सांगितले आहे, त्यांच्यासाठी ते आहे. त्यांना सांगण्यासारख्या दोन गोष्टी माझ्यापाशी आहेत. एक शरीराविषयी आहे. दुसरी मी एका परिचारिकेशी कसा वागलो याविषयी आहे, आणि ती दडवून पहिली सांगणे म्हणजे मी जे केले तेच पुन्हा करणे होईल.

उतरता पदपथ

आमची चाळ गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला आहे. ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत चालत गेलो की उजव्या पोटरीत पेटका येई. दोन मिनिटे थांबलो की जाई. पुन्हा तेवढेच अंतर चाललो की पुन्हा येई. यावरून मी असा निष्कर्ष काढला की नव्याने केलेला पदपथ एका बाजूस उतरता आहे. मी तो मोजपट्टीने मोजला आणि विभाग कार्यालयास चार पत्रे पाठवली.

माझी पत्नी नलिनी म्हणाली, "अहो, त्याच फुटपाथवरून मीही रोज भाजी आणते. मला काही होत नाही."

"तू सावकाश चालतेस."

"मग तुम्हीही सावकाश चाला. नाहीतर डॉक्टरला दाखवा."

मी पाचवे पत्र लिहिले.

पुढे अंगठ्याला चप्पल लागली आणि जखम भरेना. चप्पल दादरची होती; दुकानदारास सदोष मालाबद्दल लिहिले. मला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे आणि हृदयाचे ऑपरेशन होईपर्यंत चाळीस वर्षे मी सिगारेट ओढत होतो, या दोन बाबी मी कोणत्याही पत्रात नमूद केल्या नाहीत. अंगठा काळपट पडू लागला तेव्हा नलिनीने मला विचारले नाही. तिने टॅक्सी बोलावली.

निदान

परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात आम्ही गेलो. त्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर वाचणारे त्या नावाभोवती दोष शोधू लागतील, आणि या हकिगतीतला मुख्य दोष त्या इमारतीचा नव्हता.

डॉप्लर नावाच्या तपासणीत रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकू येतो. डाव्या पायावर यंत्राची दांडी ठेवली तेव्हा धोबी कपडे आपटतो तसा लयीत आवाज आला. उजव्या मांडीवरून ती खाली सरकत गेली आणि मध्येच आवाज थांबला. तपासणाऱ्या बाईंनी दांडी पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. त्या खोलीतली ती शांतता मी विसरलेलो नाही.

मोठे शल्यविशारद मोजके बोलणारे होते. "मांडीच्या मधोमध बंद आहे. गुडघ्याखाली पुन्हा उघडी सापडते. वरून खाली नवी वाट करून द्यायला हवी."

मी विचारले, "आम्हाला मुदत किती?"

"मुदत मी देत नाही आहे. तुमचा अंगठा देतोय."

त्याच दुपारी दाखल झालो. नलिनी कपडे आणायला गिरगावला गेली आणि परत आली ती माझे लेखनाचे पुडके घेऊन. त्यात कोरे ताव, पिना, पंच, आवक-जावक वही. कपडे ती विसरली होती. ते आणायला ती पुन्हा गेली. बावन्न वर्षांच्या संसारात माझ्या भीतीवरचा उपाय तिला माहीत होता. मी मात्र त्या दिवशी तिच्या भीतीची चौकशीही केली नाही.

शिरांची मोजणी

निवासी डॉक्टर रेणुका पै यांनी माझ्या चारही हातापायांच्या शिरा तपासल्या. तिशीच्या आतली मुलगी, बोलणे भराभर.

मी म्हणालो, "बाजारात कृत्रिम नळी मिळते असे वाचले आहे. ती का नको?"

"मिळते ना काका. पण गुडघ्याच्या खाली ती लवकर बंद पडते. स्वतःची शीर ती स्वतःची शीर."

डाव्या पायाची शीर बारा वर्षांपूर्वी माझ्या हृदयाकडे गेली होती. उजव्या पायाची फुगून वळणे घेत होती. मांडीतला वीतभर तुकडा तेवढा धड. उजवा हात मागच्या आजारपणांतल्या सुयांनी निकामी. डाव्या हाताची शीर मनगटापासून खांद्यापर्यंत अखंड निघाली.

"लॉटरी लागली काका तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि निळ्या पेनाने हातावर तिची रेघ ओढली.

त्यांचा प्रबंध नेमका याच विषयावर होता: पायाची शीर आणि हाताची शीर यांची आतून बांधणी कशी वेगळी असते आणि धमनीच्या जागी कोणती किती टिकते. त्यांनी मला जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. धमनीला हृदयाचा प्रत्येक ठोका सोसायचा असतो, म्हणून तिच्या भिंतीत स्नायूंचा जाड थर आणि लवचीक पडदे असतात. शिरेला तो मारा कधीच माहीत नसतो. त्यातही पायाची शीर दिवसभर उभ्या शरीराचा भार वाहून नेते, त्यामुळे तिची भिंत थोडी कसलेली. हाताची शीर रुंद पण ओल्या कागदासारखी पातळ. टाका घालताना पिळली जाते. शिवाय शिरेत झडपा असतात आणि त्या रक्ताला एकाच दिशेने सोडतात, म्हणून ती उलटी करून बसवतात. एकदा धमनीच्या जागी बसवली की काही महिन्यांत ती स्वतःला जाड करून घेते. सगळे अवलंबून असते ते आतल्या अस्तरावर. अस्तर शाबूत तर वाट शाबूत.

ऑपरेशनमध्ये कापून टाकलेले तुकडे अभ्यासासाठी ठेवू का, असे त्यांनी विचारले. मी संमतिपत्र तीनदा वाचले आणि समासात लिहिले: 'जे दिसेल ते मला दाखवण्यात यावे.'

त्या हसल्या. "आजपर्यंत हे कोणी मागितलं नाही."

जाताना त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरांत 'डावा हात – सुई नको' असे लिहून तो माझ्या उशाच्या भिंतीला चिकटपट्टीने लावला. ऑपरेशन मंगळवारी ठरले.

दोन कागद

शनिवारी संध्याकाळी नलिनी मला पेज भरवत होती. वॉर्डातल्या मावशी आल्या. "चला आजी, सात वाजले. नातेवाइकांनी निघायचं."

मी विचारले, "हा आदेश कोणाचा?"

"दरवाज्यावर कागद लावलाय की."

"त्याखाली सही कोणाची आहे?"

"सही कशाला पायजे आजोबा? सगळे ऐकतात."

मी सलाईनचा स्टँड ढकलत दरवाज्यापर्यंत गेलो आणि तो कागद काढून घेतला. सही नाही, तारीख नाही, हुद्दा नाही. परत आलो तेव्हा उशाशी लावलेला कागद दिसला. त्यावरही सही, तारीख, हुद्दा नव्हता. एकास एक न्याय आणि दुसऱ्यास दुसरा, हे माझ्या स्वभावात बसत नाही. मी तोही काढला.

नलिनी म्हणाली, "अहो, तो तर तुमच्याच भल्याचा आहे."

"भल्याचा असेल तर सहीनिशी लावतील."

दोन्ही कागद मी पंच करून पुडक्यात लावले. अधीक्षकांना लिहावयाच्या अर्जास ते परिशिष्ट अ आणि परिशिष्ट ब होणार होते.

रविवारची सकाळ

रविवारी उजव्या हातावरची सुईची जागा सुजली. दुसऱ्या वॉर्डातून बदली आलेल्या एक सिस्टर नवी सुई लावायला आल्या. प्रणाली जाधव, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. हे सर्व मला नंतर कळले. त्या वेळी मी फक्त त्यांच्या छातीवरचे नाव वाचून ठेवले होते, कारण नावे टिपून ठेवण्याची मला सवय आहे.

माझी फाईल भूलतज्ज्ञांकडे गेली होती. हातावरची निळी रेघ अंग पुसताना गेली होती. भिंत कोरी होती.

त्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि थांबल्या. "काका, या हाताला काही केलंय का? काही सांगितलंय का डॉक्टरांनी?"

"रुग्णाला विचारून रुग्णालय चालवायचे असते का? तुमच्या नोंदी तुम्ही पाहाव्यात."

"फाईल वर गेलीय ना, म्हणून विचारते. सुई लावू ना इथे?"

"तुमचे काम तुम्हाला माहीत."

येथे मला अडखळायला होते. मी बोलण्याच्या भरात विसरलो होतो, असे लिहिणे सोपे आहे आणि कोणीही ते मान्य करील. परंतु मी विसरलो नव्हतो. तो हात राखून ठेवलेला आहे हे मला पूर्णपणे आठवत होते. समोरच्या पक्षाला चूक करू द्यावी, ती पूर्ण होऊ द्यावी, आणि मग नोटीस द्यावी, हेच मी एकोणचाळीस वर्षे केले. एक टोचा बसेल, फार तर काय होईल, आणि माझ्या अर्जाला वजन येईल, असा हिशोब मी त्या क्षणी केला. एका पोरीने दोनदा विचारले आणि मी तिच्याकडे प्रतिवादी म्हणून पाहिले.

त्या सुईतून प्रतिजैविकाचे तीव्र औषध दोन दिवस गेले. सोमवारी दुपारी हात लाल झाला आणि मनगटावर शीर दोरीसारखी कडक लागू लागली. मी तेव्हाही बोललो नाही. आता बोललो तर आधी का बोललो नाही, हा प्रश्न आला असता.

संध्याकाळी डॉ. रेणुका आल्या, हात पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे कोणी लावलं? कोणी लावलं हे?"

मी नाव सांगितले. संपूर्ण नाव.

तक्रार

माझा उजवा हात सुजलेला, म्हणून त्याच संध्याकाळी मी तक्रार नलिनीला सांगून लिहवून घेतली. तीन पाने झाली. रुग्णाच्या डाव्या हातास सुई लावू नये असे डॉक्टरांनी ठरवले होते, ते खरे. त्याबाबतची सूचना डॉक्टरांनी स्वतः भिंतीवर लावली, तेही खरे. परिचारिका जाधव यांनी फाईल न पाहता सुई लावली, खरे. परिणामी शीर खराब झाली, खरे. सूचना कोणी काढली आणि विचारल्यावर मी काय उत्तर दिले, एवढ्या दोनच गोष्टी त्यात नव्हत्या.

नलिनीने पेन खाली ठेवले. कागद काढताना तिने मला पाहिले होते. सिस्टरने विचारले तेव्हा ती तिथे नव्हती.

"तुम्ही काढलेल्या कागदाचं कुठे लिहायचं?"

"तो स्वतंत्र मुद्दा आहे."

"यात एकही वाक्य खोटं नाही," ती म्हणाली. "आणि सगळं मिळून किती खोटं आहे हो."

"साक्षीदार म्हणून सही कर."

"नाही करणार."

बावन्न वर्षांत तिने मला सहीला नाही म्हटल्याचे मला स्मरत नाही. मी डाव्या हाताने, त्याच दुखऱ्या हाताने, वाकडी सही केली आणि मावशींकडून पोच मागवली.

ऑपरेशन

ऑपरेशन साडेसहा तास चालले. मनगटाकडचा खराब भाग टाकून द्यावा लागला, त्यामुळे हाताची उरलेली शीर तोकडी पडली. मग मांडीतला तो वीतभर तुकडा काढून तिला जोडला. दोन वेगळ्या बांधणीच्या शिरा एकमेकींना शिवून माझ्या पायात आहेत. अंगठा गेला. पाय राहिला.

अतिदक्षता विभागात शुद्ध आली तेव्हा कोणीतरी माझ्या पावलावर तेच डॉप्लरचे यंत्र ठेवले होते आणि आवाज येत होता. मी रडलो. नलिनी काचेपलीकडे होती. तिला आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तिला वाटले मी अंगठ्यासाठी रडतो आहे.

वॉर्डात परत आल्यावर मावशींना विचारले, "त्या जाधव सिस्टर दिसत नाहीत."

"तुमच्याच कंप्लेंटवर बसवली ना घरी. कंत्राटावरची पोरगी. चौकशी होईल तेव्हा होईल." मावशी चादर ओढत होत्या. "बरं केलंत म्हणा. आता सगळ्या सिस्टर तुमच्या पलंगाला हात लावायला घाबरतात."

खरोखरच घाबरत होत्या. ड्रेसिंगला दोघी येत, एक करी आणि दुसरी नुसती पाहत उभी राही. कोणी माझ्याशी अवांतर शब्द बोलेना. मला हवे होते तसे सर्व काही आता नोंदीप्रमाणे चालले होते.

काचेवरचे तुकडे

बाराव्या दिवशी डॉ. रेणुका व्हीलचेअर घेऊन आल्या. "तुमची अट होती ना काका? चला."

प्रयोगशाळा त्याच मजल्यावर होती. दोन माणसांना एकाच वेळी पाहता येते असे सूक्ष्मदर्शक यंत्र. त्यांनी तीन काचा एकामागून एक लावल्या.

पहिली मांडीच्या शिरेची. रंग दिल्यामुळे स्नायू तांबूस आणि धागे निळसर दिसत होते. भिंत दाट, पुष्कळ थरांची. दुसरी दंडाच्या शिरेची. भिंत विरळ, थर मोजके, पण आतल्या कडेने एक अखंड बारीक रेघ फिरली होती.

"हे अस्तर," त्या म्हणाल्या. "बघा किती सुंदर आहे. तुमच्या वयाला एवढं स्वच्छ मिळत नाही."

तिसरी काच मनगटाकडची. तिथे ती रेघ नव्हती. कडा फाटलेली, भिंत सुजलेली, आणि मधोमध जिथून रक्त जायचे तिथे तपकिरी गोळा.

"ही एकच शीर आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी आणि तिसरी काच. मध्ये फक्त हातभर अंतर आहे. माझ्या प्रबंधात हिचा उपयोग नाही, कारण हा बांधणीतला फरक नाही, ही इजा आहे. चीड येते हो. नुसतं कोणीतरी विचारायला हवं होतं."

"विचारले होते," मी म्हणालो.

त्यांनी डोळा यंत्रावरून उचलला. "कोणी?"

"सिस्टरने. मला. दोनदा."

मग कागदाचेही सांगितले. तिसरी काच त्यांनी काढली, पुसली, खोक्यात ठेवली.

"तुमच्या तक्रारीवर माझी पण सही आहे, माहितीय? मला विचारलं, सूचना लावली होती का. मी म्हटलं, हो. मीच लावली होती." त्यांचा आवाज चढला नाही. "हे लिहून द्या काका."

"देतो."

घरी

मी ते सोळा दिवस लिहून दिले नाही.

कारणे पुष्कळ होती. टाके निघायचे होते आणि ते त्याच वॉर्डातल्या सिस्टरांच्या हातून निघायचे होते. माझे नाव होते. आमच्या गल्लीत अर्ज लिहवून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. शिवाय दोषाची वाटणी करण्याची युक्ती मला उत्तम येते: फाईल जागेवर नव्हती हा कार्यालयाचा दोष, पाळी बदलताना तोंडी निरोप दिला नाही हा आधीच्या सिस्टरचा, कागदावर सही नव्हती हा डॉक्टरांचा. वाटणी करत गेले की आपल्या वाट्याला फार थोडे येते. दोन मसुदे मी तसे तयारही केले.

या दिवसांतले आजारपण मात्र खरे होते, आणि ज्यांना त्यातून जायचे आहे त्यांनी एवढे जाणावे. हाताची जखम लवकर भरते, पायाची नाही. पाय सुजतो आणि आठवडे सुजलेला राहतो. त्याने घाबरू नये. पहिल्यांदा जिना उतरताना तोल जातो, कारण अंगठा नसल्यावर जमीन वेगळी लागते. ज्या हाताची शीर घ्यायची आहे त्या हाताला सुई, पट्टा, काहीही लावू देऊ नये, आणि कोणी विचारले तर उत्तर द्यावे. विचारणाऱ्याचा आवाज, वय, हुद्दा, काही पाहू नये.

नलिनी रोज ड्रेसिंग करी. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन तिने मऊ सुती कापड आणले होते, पट्टीखाली घालायला. सोळाव्या दिवशी माझा तिसरा मसुदा तिच्या हाती पडला. तिने उभ्याउभ्या वाचला.

"हा कोणासाठी लिहिलाय? तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

"दोघांसाठी."

"यात 'गैरसमज' शब्द पाच वेळा आलाय." तिने कागद परत दिला. "तिचा काय गैरसमज झाला हो? तिला तर सगळं नीट समजलं होतं."

तो मसुदा पुडक्यात न लावता मी फाडला. चौकशी समितीस एका ओळीचे पत्र पाठवले: तक्रारदारास समक्ष निवेदन करावयाचे आहे.

चौकशी

समिती म्हणजे मेट्रनबाई आणि प्रशासकीय अधिकारी; डॉ. रेणुका साक्षीदार म्हणून होत्या. जाधव सिस्टर समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. साध्या सलवार-कमीजमध्ये त्यांना मी ओळखलेच नाही. मला त्या अधिक मोठ्या वाटल्या होत्या.

मी उभा राहून सांगितले. कागद मी काढला. सिस्टरने मला विचारले. मला आठवत असूनही मी सांगितले नाही.

प्रशासकीय अधिकाऱ्यांनी विचारले, "आठवत असूनही? का?"

"त्यांची चूक व्हावी म्हणून."

मेट्रनबाईंनी टाचणी टोचावी तसे माझ्याकडे पाहिले. मला रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त लिहून घेतले आणि माझी सही घेतली.

तेव्हा जाधव सिस्टर बोलल्या. "काका, मी घरी हेच आठवत बसले होते. मी विचारलं की नाही. सगळे म्हणाले, विचारलं असतंस तर ते सांगणार नाहीत का, स्वतःचा हात आहे त्यांचा. मग मलाच वाटायला लागलं, नसेल विचारलं. मागच्या आठवड्यात मी इथे लिहून दिलं, मला नक्की आठवत नाही म्हणून."

मी त्यांच्याकडून नोकरी घेतली आहे एवढीच माझी समजूत होती.

निर्णय त्याच दिवशी झाला. सिस्टरना दुसऱ्या दिवसापासून कामावर घ्यायचे. मात्र फाईल न पाहता सुई लावली, एवढा शेरा राहील. मी लगेच म्हणालो, "हा शेरा टिकणारा नाही. फाईल उपलब्ध नव्हती. मी आजच अपील लिहून देतो."

"नको," जाधव सिस्टर म्हणाल्या. "फाईल मी नव्हती पाहिली, ते खरंय. तुम्ही माझ्यासाठी काही लिहू नका, काका. प्लीज."

व्हरांडा

बाहेर नलिनी बाकावर बसली होती. जाधव सिस्टर तिच्याजवळून पुढे गेल्या आणि परत फिरल्या. त्यांनी फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"आईला सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, समितीने दया केली असेल. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "लेखी दिले तर अधिक—"

"आई लेखी काय करणार? बोला."

पलीकडून आवाज आला. "हॅलो, कोण? गॅसवाले का? चार वाजता या म्हटलं होतं ना."

"नाही. मी परळच्या रुग्णालयातला रुग्ण. आपल्या कन्येविरुद्ध ज्याने तक्रार दाखल केली होती—"

"जरा मोठ्याने बोला, कुकर लागलाय."

व्हरांड्यातले दोघे-तिघे वळून पाहू लागले. मी मोठ्याने बोललो. "तुमच्या मुलीने मला विचारलं होतं. सुई लावायच्या आधी. दोनदा विचारलं. मी मुद्दाम सांगितलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही."

कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज.

"विचारलं होतं तिने?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी तिला महिनाभर बोलतेय त्याचं काय?" बाईंचा आवाज एकदम जवळ आला, जणू त्यांनी फोन तोंडाशी धरला. "येता-जाता बोलले हो मी तिला. तिच्या मामासमोर बोलले. म्हातारा माणूस कशाला खोटं लिहील, म्हटलं. तिने ताट सरकवलं तर म्हटलं, सरकव, चोराच्या उलट्या बोंबा नकोत. ते मी आता कसं परत घेऊ? तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. त्या वाट पाहत होत्या. नलिनी उठून माझ्या बाजूला आली होती, पण तिने मला सोडवले नाही.

शेवटी जाधव सिस्टरनी हात पुढे केला आणि फोन घेतला. आमच्याकडे पाठ करून त्या खिडकीशी गेल्या.

"आई," त्या म्हणाल्या, "गॅस बंद केलास ना? ... नाही गं, मी नाही रडत. तू रड नको. ... ऐक ना, उद्या सकाळी सातची ड्युटी आहे. डबा लागेल."